वर बघा, माहीमकर

तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? वॉचमनकडे? तळमजल्यावरच्या दुकानदाराकडे? की महिन्यातून एकदा भाडं न्यायला येणाऱ्या मालकाच्या माणसाकडे? ठाऊक नसेल तर आज विचारा. मे अर्धा सरला आहे. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून. पण 2025 साली तो 26 मेलाच दारात उभा राहिला. अजून पंधरा दिवस आहेत म्हणणाऱ्यांचे पंधरा दिवस एका रात्रीत गेले. तेव्हा किल्ली मिळवा आणि ऊन आहे तोवर गच्चीवर जा.

का जायचं, ते सांगतो. जुन्या इमारतीचा सगळ्यांत उघडा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे गच्चीचा विटांचा कठडा. खालच्या भिंतीला एका बाजूने तरी घराची ऊब असते. कठड्याला दोन्ही बाजूंनी पाऊस आणि डोक्यावरूनही पाऊस. उरलेले आठ महिने ऊन आणि खारा वारा. थंड देशांत घरांच्या कौलांवर विटांची धुराडी असतात, त्यांची गतही अशीच होते. सांध्यात शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि वीट फोडतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण समुद्र आहे. पश्चिमेचा वारा मीठ घेऊन येतो. ते ओलीबरोबर विटेत मुरतं. वीट वाळली की आत मिठाचे कण धरतात, फुगतात आणि विटेचा चेहराच सुटून येतो. लोणा लागला म्हणतो आपण, आणि कुंच्याने झाडून टाकतो. झाडून टाकलेली ती लाल भुकटी म्हणजे तुमची भिंत असते.

म्हणून वर जा आणि नीट बघा. कठड्याच्या माथ्यावर पाणी उतरून जावं म्हणून केलेला उतार शाबूत आहे का? माथ्याला लांब चीर गेली असेल तर पाऊस तिथूनच आत शिरतो, बाकी सगळं नंतरचं. विटांच्या मधल्या दरजांवरून किल्लीचं टोक हलकेच फिरवा. चुना वाळूसारखा झरतो का? किल्ली बोटभर आत जाते का? तर त्या विटा आता नुसत्या एकमेकींवर ठेवलेल्या आहेत. गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खडूने तिथे गोल काढा. कठडा बाहेर झुकला आहे का, हे डोळ्याला कळत नाही. दोऱ्याला दगड बांधून आतल्या बाजूने ओळंबा धरा, लगेच कळेल. कठड्यावर रेलू नका, वाकून खाली बघू नका, पोरांना बरोबर नेऊ नका. एखादी वीट पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी हलत असेल तर तिला हात लावू नका. फोटो काढा आणि मागे या.

आणि पिंपळ. तो दिसल्यावाचून राहणारच नाही. कावळ्याच्या विष्ठेतून आलेलं बी पन्हळीच्या कोपऱ्यात रुजतं, दोन पानं काढतं आणि आपल्याला वाटतं, किती गोड दिसतंय. मुळं मात्र दरजांतला चुना शोधत भिंतीत हातभर गेलेली असतात. पिंपळ तोडायचा म्हटलं की घरातलं कुणीतरी कुरकुरतं, तेही समजू शकतो. मग कोवळं रोप असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावा आणि कुंडी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ठेवून या. नुसता वरून छाटलात तर दर श्रावणात दुप्पट जोमाने येईल. खोड मनगटाएवढं झालं असेल तर स्वतः ओढू नका, विटा घेऊनच ते खाली येईल. वॉर्डाच्या उद्यान खात्याला कळवा आणि गवंडी हाताशी ठेवूनच ते काढा.

आता खाली उतरा आणि रस्त्यावर उभे राहा. तुमच्या कठड्याखाली, तुमच्या गॅलरीखाली, छज्ज्याखाली कोण उभं असतं ते बघा.

माहीममध्ये हा प्रश्न साधा नाही. बुधवारी माहीम चर्चच्या नोव्हेनाला येणारी माणसं फूटपाथभर असतात. मेणबत्त्या आणि हार विकणाऱ्या बायका भिंतीला पाठ लावून बसतात. दर्ग्याकडे जाणारी गर्दी रोजचीच. कापड बाजारात, मोरी रोडला, वांजेवाडीत, शीतलादेवीच्या रस्त्यावर शाळेची मुलं कडेकडेने चालतात, कारण मधून गाड्या. आणि सर आली की माणूस काय करतो? आडोसा शोधतो. आडोसा कुठे मिळतो? गॅलरीखाली. छज्ज्याखाली. ज्या क्षणी वरचं बांधकाम पाण्याने सगळ्यांत जड झालेलं असतं, त्याच क्षणी आपण सगळे त्याच्या खाली गोळा होतो. छत्री विसरलेलं पोर, मासळीची टोपली घेतलेली मावशी, हातगाडी सोडून आलेला माणूस. यांतलं कुणीही तुमच्या इमारतीत राहत नाही. त्यांच्या डोक्यावर काय सैल झालं आहे, हे त्यांना कळायचा काही मार्ग नाही. तुम्हाला आहे.

ही उगाच घातलेली भीती नाही. 20 जुलै 2024 ला ग्रँट रोडच्या रुबिनिसा मंझिलमध्ये गॅलरीचा आणि स्लॅबचा भाग कोसळला. एका वृद्ध महिलेचा जीव गेला. आणि आपल्या घरचंच सांगायचं तर 10 जून 2013. सोमवार होता. कॅडेल रोडवरची अल्ताफ मंझिल पावसात खाली आली आणि दहा माणसं गेली. ज्यांनी तो ढिगारा पाहिला ते आजही त्या रस्त्याने जाताना बोलायचे थांबतात. जेवणाची वेळ होती, घरं भरलेली होती. कठडा पडणं आणि इमारत पडणं या गोष्टी वेगळ्या आहेत, मान्य. पण भिंतीत मुरणारं पाणी गच्चीवरूनच खाली उतरत असतं, आणि इमारत आपलं दुखणं आधी माथ्यावर दाखवते. तिथे बघणारं कुणी नसतं एवढंच.

तुम्ही बघा. आणि पाऊस उघडला की बघणं थांबवू नका. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत आठवा. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई बुडाली, सगळ्यांनी रेल्वे आणि रस्त्यांची काळजी केली. पाऊस ओसरला. 31 तारखेला सकाळी ती 117 वर्षांची इमारत कोसळली आणि 33 जण दगावले. 2011 मध्येच ती धोकादायक ठरलेली होती. जुनी वीट आणि चुना पाणी पितात आणि सावकाश जड होतात. मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस ऊन पडलं तरी डोळा भिंतीवर ठेवा. जुनी चीर रुंदावली का? काल सहज लागणारं दार आज घासतं का? खिडकीची चौकट तिरकी वाटते का? छताची माती, चुन्याची बारीक कणी अंथरुणावर पडते का? यांतलं काहीही दिसलं तर ‘बघू, रविवारी मिस्त्रीला बोलावू’ म्हणू नका. त्याच दिवशी 1916 वर फोन करा. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक आहे, चोवीस तास. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला, आजीच्या साध्या फोनमध्येसुद्धा.

आता दुरुस्तीचं. इथे चांगल्या मनाने केलेल्या कामानेच जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

आपल्या जुन्या इमारती विटा आणि चुन्याच्या. आत सागवानी खांब-तुळया, कुठे लोखंडी गर्डर. चुना मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. तिथे मिस्त्री येतो, सिमेंटचा घट्ट गिलावा चढवतो, वर रंग काढतो. महिनाभर भिंत नवी दिसते. पण आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद झालेली असते. ते विटेतच कुजत राहतं, आणि सिमेंट विटेपेक्षा कडक असल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात गिलाव्याबरोबर विटेचा पापुद्राही घेऊन खाली येतं. मिस्त्रीला स्पष्ट सांगा: सैल दरजा इंचभर खरवडायच्या, ब्रशने साफ करायच्या, पाणी मारायचं आणि चुन्यानेच भरायच्या. फुटलेल्या विटेच्या जागी त्याच मापाची, तशीच भाजलेली वीट बसवायची. आणि काम झाल्यावर ओलं गोणपाट टाकून ते अनेक दिवस ओलसर ठेवायचं, नाहीतर मेच्या उन्हात चुना जळून जातो. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी झालेत, खरं आहे. पण शोधा. जुन्या देवळांची, वाड्यांची कामं केलेला कुणीतरी मिळतो.

गॅलरीच्या खालून बघा तेव्हा लोखंडाकडे जास्त लक्ष द्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. गॅलरी ज्या लोखंडी दांड्यांवर तोलली आहे ते भिंतीत शिरतात तिथे तांबडा ओघळ दिसला, किंवा सळईच्या रेषेत लांब चीर दिसली, तर वरून सिमेंट थापणं म्हणजे जखमेवर पावडर मारणं. तिथे मिस्त्रीचं काम नाही. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो येईपर्यंत त्या गॅलरीत वाळवण, कुंड्या, वॉशिंग मशीन काही ठेवू नका, आणि संध्याकाळी चहा घेऊन तिघं-चौघं तिथे उभे राहू नका. सवय मोडवत नाही, माहीत आहे. तरीही.

आणि दिवस कमी उरले असतील तर? तर हट्टाने सगळी दुरुस्ती काढू नका. अर्धवट उघडलेली भिंत न उघडलेल्या भिंतीपेक्षा वाईट. मग एवढंच करा: पन्हळी आणि पाण्याचे पाइप साफ करा, कारण तुंबलेलं पाणी कठड्याच्या मुळाशी साचतं. सुटलेल्या विटा गवंड्याकडून आतल्या बाजूने उतरवून घ्या. माथ्याची चीर बुजवा, ताडपत्री नीट बांधा. धोका दिसतो तिथे टेकू लावून घ्या, आणि फूटपाथवर त्या जागेभोवती दोरी बांधून ‘इथे उभे राहू नये’ असा बोर्ड लावा. बोर्ड मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहा, उर्दूतही लिहा. माहीम आहे हे. पक्कं काम ऑक्टोबरनंतर.

कठड्यावरचं ओझं उतरवा. जुन्या भिंतीला टोचलेले एसीचे डबे, कठड्याला टेकवलेली जादा टाकी, पावसाळी पत्र्याच्या शेडचे कठड्याला आवळलेले दोर. वारा त्या पत्र्यांना शिडासारखं ओढतो आणि ओढ येते विटांवर. दहीहंडी मंडळातल्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या उत्साहाला नावं ठेवत नाही. पण दोन जुन्या गॅलऱ्यांच्या, नाहीतर दोन कठड्यांच्या मध्ये दोर टाकून त्याला हंडी टांगायची, तीही ऐन श्रावणात, भिंती दोन महिने भिजलेल्या असताना, आणि त्या दोराला लोंबकळायचं, हे यंदा करू नका. क्रेन आणा, खांब उभारा, हंडी खाली बांधा. खाली तुमच्याच आया उभ्या असतात.

बेकरीवाल्यांनाही एक विनंती. उच्च न्यायालयाच्या जानेवारी 2025 च्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅसवर किंवा विजेवर जायचं काम शहरभर निघालं. हवेसाठी चांगलंच झालं. पण जिथे विटांची चिमणी आहे, तिथे भट्टी विझली की चिमणी अनाथ होते. रोजच्या धगीने ती कोरडी राहत होती. आता वरून उघड्या तोंडात सरळ पाऊस पडतो. तिच्यावर टोपी बसवा, नाहीतर रीतसर उतरवून घ्या. तशीच सोडू नका.

आता नेहमीचा अडसर. खोली माझी, भिंत मालकाची, दुरुस्ती म्हाडाची, गच्ची कुणाचीच नाही. मालक म्हणतो भाडं परवडत नाही. भाडेकरू म्हणतात पागडी दिली आहे, आम्ही का खर्च करू? दोघांचंही काही अंशी खरं आहे आणि पाऊस दोघांचंही ऐकत नाही. तुमची इमारत 30 सप्टेंबर 1969 पूर्वीची असेल आणि उपकर भरत असाल, तर ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कक्षेत येते. लेखी अर्ज करा. इमारतीचं नाव, कोणती बाजू, कोणता मजला, काय दिसलं, तारीख, सोबत फोटो. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून घ्या. तोच अर्ज दादरच्या जी-उत्तर वॉर्ड कार्यालयातही द्या. एकट्याने नका जाऊ, चार बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन जा. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करायचं असतं, त्याची प्रत मागा. मालक ढिम्म असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मार्ग दिला आहे: किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, तरीही त्याने दुरुस्ती केली नाही तर तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करून घेऊ शकता. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या भाड्याचा एक चतुर्थांश म्हणजे किती, ते तुम्हीच हिशेब करून हसा. पण ती नोटीस कागदावर राहते, आणि कागद पुढे उपयोगी पडतो.

आपली इमारत म्हाडाच्या अतिधोकादायक यादीत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. शहर भागात उपकरप्राप्त इमारती तेरा हजारांच्या घरात. 2025 च्या पावसाळ्यापूर्वीच्या यादीत नावं होती 96. बाकीच्या सगळ्या धडधाकट आहेत, असं तुम्हाला खरंच वाटतं?

आणि एक भीती मी जाणतो, ती कुणी मोठ्याने बोलत नाही. तक्रार केली, नोटीस लागली, तर घर जाईल. संक्रमण शिबिरात पाठवतील आणि तिथेच आयुष्य जाईल. ही भीती हवेतली नाही, अनेकांची तीन-तीन दशकं तिथे गेली आहेत. पण इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केलं आहे. तेव्हा भाड्याच्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, खोलीचं मोजमाप, सगळ्याच्या प्रती काढा. एक संच गावी किंवा लेकीकडे ठेवा. पालिकेने इमारत रिकामी करायला लावली तर प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ लेखी नोंदवून घ्या. हक्क कागदांनी टिकतो. मोडक्या गॅलरीखाली झोपून टिकत नाही.

तर या रविवारी, सकाळी, ऊन चढायच्या आत. प्रत्येक बिऱ्हाडातून एक जण. हातात खडू, दोरा, फोन. ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही त्यांनी खाली खुर्ची टाकून समोरच्या बाजूने बघा, तुमच्या अनुभवी डोळ्यांना आम्हा चढणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतं. समोरच्या इमारतीत ओळखीचं घर असेल तर त्यांच्या गॅलरीतून तुमच्या इमारतीचे फोटो काढा, आणि त्यांना तुमच्या गॅलरीत बोलवा. कॉलेजातल्या मुलांनो, ते फोटो मजल्यानुसार नावं देऊन जपून ठेवा. पुढच्या मेमध्ये त्याच जागेवरून पुन्हा काढा, म्हणजे काय बदललं ते कुणालाही दाखवता येईल.

त्याच सकाळी एकत्र बसून आणखी एक गोष्ट ठरवा. मध्यरात्री भिंतीतून कडकड आवाज आला, माती गळायला लागली, तर कोणी आरडाओरडा करायचा, कोणी मीटरची मुख्य कळ बंद करायची, गॅस कोण बंद करेल, आणि सगळ्यांनी इमारतीपासून लांब कुठल्या मोकळ्या जागेत जमायचं. दागिने, कपाट, टीव्ही, काही नको. चपलाही नको. जिन्याखाली सायकली, जुनी कपाटं, गणपतीच्या मखराचा सांगाडा ठेवला असेल तर तो आजच हलवा. आणि वरच्या मजल्यावरच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजींना खाली कोण आणणार, त्या दोघांची नावं आत्ताच ठरवून जिन्यातल्या फळ्यावर लिहा.